साथीच्या काळात रखडलेले कान

मागच्या अंकात वाहणाऱ्या कानाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीकडे वळली: कोविडमध्ये ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि नंतर त्या कानाचं असं असं झालं. मी नागपुरात कान-नाक-घशाची सर्जन आहे. ती दोन वर्षं थिएटरमध्ये आणि वॉर्डात काढली आहेत, म्हणून या वेळी सगळी उत्तरं त्याच काळाबद्दल देते. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आईच्या डाव्या कानाचं ऑपरेशन एप्रिल २०२० मध्ये ठरलं होतं. लॉकडाऊन लागला आणि रुग्णालयातून फोन आला, "कानाची काही इमर्जन्सी नसते, नंतर बघू." ते 'नंतर' उजाडलं ऑगस्ट २०२१ ला. तोवर आईला चक्कर यायला लागली, मग तोंड वाकडं झालं. ऑपरेशननंतर कान कोरडा झाला, पण त्या कानानं जवळपास ऐकू येत नाही आणि चेहरा पूर्ण सरळ झाला नाही. तेव्हाच ऑपरेशन करायला हवं होतं का? घरात अजून यावरून वाद होतो. (भंडारा)

उत्तर : आधी त्या रुग्णालयाची बाजू सांगते. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्याकडे पुरेसे एन-९५ मास्क नव्हते. विदर्भातले कोविडचे नमुने सुरुवातीला मेयोच्या, म्हणजे नागपुरातल्या इंदिरा गांधी शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जात, अहवालाला वेळ लागे. समोर झोपलेला रुग्ण बाधित आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्यात बातम्या येत होत्या त्या आमच्याच शाखेच्या. २८ मार्चला ब्रिटनमधले कान-नाक-घसा तज्ज्ञ अमजेद अल-हवरानी कोविडनं गेले, वय ५५. तिथल्या रुग्णालयांत काम करताना गेलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक. ती बातमी आमच्या ग्रुपवर आली आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी घरात स्वतःची खोली वेगळी केली. अशा वेळी ठरलेली ऑपरेशनं काही आठवडे थांबवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

पण 'कानाची इमर्जन्सी नसते' हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. वाहणारे कान दोन जातींचे. पहिल्यात कानाच्या पडद्याला मधोमध छिद्र असतं. सर्दी झाली, अंघोळीचं पाणी गेलं की कान वाहतो. स्राव बराच, पण वास नाही. असा कान कोरडा ठेवला, थेंब वेळेवर घातले, तर वर्षभर थांबू शकतो. दुसऱ्या जातीत पडद्याच्या वरच्या किंवा मागच्या कडेला खळगा पडतो आणि त्यात कातडीचे पापुद्रे साचत जातात. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कॅन्सर नाही, पण हाड खात पुढे सरकतो. स्राव थोडासाच, मात्र घाण वास असा की रुग्ण खुर्चीवर बसला की आम्हाला कळतं. ऐकण्याच्या तीन हाडांची साखळी खाल्ली की ऐकू कमी येतं. तोल सांभाळणाऱ्या नलिकेवरचं हाड गेलं की चक्कर येते. चेहऱ्याच्या नसेवरचं गेलं की तोंड वाकडं होतं. वरचं पातळ छत गेलं तर पुढे मेंदूचं आवरणच आहे. तुमच्या आईच्या कानात हाड कुठवर खाल्लं गेलं, ते पत्रातल्या लक्षणांवरूनच दिसतंय.

म्हणून एप्रिलमध्ये त्यांना थांबायला सांगण्यापेक्षा, थांबवताना कोणी काही विचारलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. वास येतो का, चक्कर येते का, डोकं दुखतं का, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं का, एवढं फोनवर विचारता येत होतं. फाइलमध्ये कोलेस्टिएटोमा लिहिलेला असेल तर तेही विचारायची गरज नव्हती. अशा रुग्णांची यादी वेगळी काढून, जून-जुलैत जरा सावरल्यावर त्यांना आधी बोलावणं शक्य होतं. पुन्हा कधी अशी साथ आली तर कानाचे सगळे रुग्ण एका फोनवर घरी बसवू नका, असं मी आमच्या लोकांना प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

घरातला वाद मात्र आता सोडा. तुमच्यापैकी कोणालाही हे ओळखता आलं नसतं. आज करायचं ते असं: दर सहा महिन्यांनी मायक्रोस्कोपखाली कान तपासून घ्या, कारण हा आजार पुन्हा उगवतो. पापणी पूर्ण मिटत नसेल तर दिवसा डोळ्यात थेंब आणि झोपताना मलम हवंच, नाहीतर बुबुळाला जखम होते. आणि नवी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. आतला कान शाबूत असेल तर हाडातून आवाज पोचवणाऱ्या यंत्रानं त्यांना बरंच ऐकू येऊ शकेल.

प्रश्न : मी अकरावीत आहे, मला डॉक्टर व्हायचंय. कोरोना फुफ्फुसाचा आजार, मग कानाच्या ऑपरेशनची एवढी भीती का होती? आणि पीपीई किट, गॉगल घालून मायक्रोस्कोपमधून दिसायचं कसं? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : हा विषाणू आधी नाकाच्या मागच्या भागात ठाण मांडतो, फुफ्फुसात नंतर उतरतो. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत युस्टेशियन नावाची नळी जाते. जांभई देताना कानात 'टक्' होतं ते तिचंच उघडणं. मधला कान म्हणजे नाकाच्या घरातली मागची खोली, अस्तर दोन्हीकडे सलग. त्यामुळे नाकात जे आहे ते कानातही असेल, हा आमचा अंदाज पहिल्या दिवसापासून होता. जुलै २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी कोविडनं दगावलेल्या तिघांचे कान तपासल्याचं प्रसिद्ध केलं. तिघांपैकी दोघांच्या मधल्या कानात किंवा कानामागच्या मॅस्टॉइड हाडात विषाणू मिळाला. तीनच माणसं, म्हणून त्यावरून फार मोठं काही ठरवता येत नाही, पण आमच्या अंदाजाला पहिल्यांदा आधार मिळाला.

आता आम्ही तिथे काय करतो ते बघ. मॅस्टॉइडचं हाड आतून हवेच्या बारीक कप्प्यांनी भरलेलं असतं. आजार त्या कप्प्यांत शिरला की ड्रिलनं ते कोरून काढावे लागतात. ड्रिलचं टोक मिनिटाला हजारो फेरे मारतं. हाड तापून नस भाजू नये म्हणून त्यावर सतत पाणी सोडावं लागतं. फिरणाऱ्या टोकावर पाणी पडलं की हाडाचा भुगा, रक्त आणि पाणी यांचा फवारा उडतो. मायक्रोस्कोपच्या भिंगापासून कानापर्यंत अंतर वीतभर, आणि त्याच्या जरा वर सर्जनचं तोंड. एरवी ऑपरेशन संपल्यावर मास्कवर पांढरे ठिपके दिसायचे, कोणी लक्ष द्यायचं नाही. २०२० मध्ये त्याच ठिपक्यांकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

मग उपाय सुरू झाले. मायक्रोस्कोपवर चढवायचं निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण असतं. त्याला गोल भोक पाडून ते भिंगाच्या कडेला घट्ट बसवायचं आणि खालचा घेर रुग्णाच्या डोक्यावर पसरून कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. तयार झालेल्या त्या तंबूत दोन चिरांतून आमचे हात आत जायचे, तिसरीतून जास्तीची सक्शनची नळी. अशा पडद्यानं फवारा अडतो हे बाहेरच्या डॉक्टरांनी शवांवर ड्रिल चालवून दाखवलंही होतं. आमच्याकडे हे बसवायचं कसब ओटीतल्या सिस्टरचं. चिमटा हातात द्यायचा तर तोही त्या चिरेतून, माझ्या बोटांना अंदाजानं सापडेल असा. त्यांनी तो क्रम दोन-तीन ऑपरेशनांतच पक्का बसवून घेतला.

गॉगलचा त्रास मात्र शेवटपर्यंत राहिला. मायक्रोस्कोपच्या काचेला डोळा जवळजवळ टेकवावा लागतो. मध्ये गॉगल आला की डोळा मागे राहतो, दिसणारं वर्तुळ आक्रसतं आणि कडा काळ्या होतात. ड्रिल जिथे चालतं तिथून चेहऱ्याची नस एक-दोन मिलिमीटरवर असते, आणि बघायची तर जागा अर्धी. शिवाय थिएटरचा एसी बंद, कारण तीच हवा खोलीत फिरवणारा एसी नको असं ठरलं होतं. नागपूरचा मे महिना तुला सांगायला नको. किटच्या आत घाम पाठीवरून वाहायचा आणि गॉगलवर वाफ धरायची. हात निर्जंतुक, त्यामुळे पुसता येत नाही. वाफ धरली की ड्रिल थांबवायचं, मान मागे घ्यायची, दिसायला लागलं की पुन्हा सुरू करायचं. तासाभराचं काम दोन-अडीच तासांवर जायचं.

त्याच मे महिन्यात गोंदियाच्या पलीकडून नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आला. कानामागे एवढी सूज की कान पुढे ढकललेला, अंगात ताप. आठवडाभर घरीच गोळ्या चालल्या होत्या. वडील म्हणाले, "मॅडम, गाडीवालाच भेटत नोता." अहवाल दुसऱ्या दिवशी येणार होता आणि तोवर थांबणं योग्य नव्हतं, म्हणून तो बाधित आहे असं धरूनच आत घेतला. आधी कानामागे चीर देऊन पू काढला. मग ड्रिलऐवजी हातानं चालवायची अवजारं घेतली: छोटा हातोडा, पन्हाळीची छिन्नी, क्युरेट म्हणजे खरवडायचा चमचा. पूर्वीचे सर्जन असंच मॅस्टॉइड उघडत, मी विद्यार्थी असताना ते एका ज्येष्ठ सरांकडे बघितलं होतं. सडलेलं हाड मऊ असतं, क्युरेटनं निघून येतं. ड्रिल शेवटी थोडा वेळ, अगदी कमी वेगानं चालवलं. तो मुलगा बरा झाला. अहवाल निगेटिव्ह आला, पण ते कळलं ऑपरेशन आटोपल्यावर.

काही सर्जन दुर्बिणीकडे वळले. त्यात बघायचं टीव्हीच्या पडद्यावर, म्हणून गॉगल आड येत नाही. पण एक हात दुर्बीण धरण्यात जातो आणि रक्त येत असेल तर एका हातानं काम अवघड होतं. कानाच्या पडद्याची साधी ऑपरेशनं आम्ही जागेवर भूल देऊन करायला लागलो, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही. रुग्ण जागा, त्यामुळे त्यालाही मास्क. ज्या कानाचं ऑपरेशन त्या बाजूची दोरी कापून मास्क गालाला चिकटपट्टीनं लावायचा. तुला डॉक्टर व्हायचंय ना, अशा बारीक गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, त्या बघायला थिएटरमध्ये उभं राहावं लागतं.

प्रश्न : मुलगा २०१९ मध्ये कान-नाक-घशाच्या एमएसला लागला. त्याचं अर्ध्याहून जास्त शिक्षण कोविड ड्युटीत गेलं. आता प्रॅक्टिस करतो, पण कानाची मोठी ऑपरेशनं नागपूरला पाठवतो. त्याला न्यूनगंड आलाय असं वाटतं. (हिंगणा)

उत्तर : तुमच्या मुलाच्या बॅचनं काय केलं ते मी जवळून बघितलं आहे. पहिल्या लाटेत नाकातून स्वॅब घ्यायचं काम बऱ्याच ठिकाणी आमच्याच निवासी डॉक्टरांकडे आलं, कारण नाकाचा रस्ता त्यांना ठाऊक. व्हेंटिलेटरवर आठवडे काढलेल्या रुग्णांच्या गळ्याला छिद्र करून नळी बसवायची, तेही यांच्याकडेच. कानाची ऑपरेशनं तेव्हा नियमांमुळे बंद होती.

दुसऱ्या लाटेत कान रखडण्याचं कारण वेगळं होतं, ते लोकांना फारसं माहीत नाही. नागपुरात १५ मार्च २०२१ ला पुन्हा लॉकडाऊन लागला आणि एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी काय धावपळ झाली ते तुम्हाला आठवत असेलच. मे उजाडला तो म्युकरमायकोसिस घेऊन. मधुमेह, त्यात कोविड, त्यात स्टेरॉइड, आणि काळी बुरशी नाकातून सायनसमध्ये, टाळूत, डोळ्यात. मेडिकलमध्ये (नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयोत, खासगी रुग्णालयांत वॉर्डच्या वॉर्ड भरले. त्या बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिनचं इंजेक्शन मिळेना. मेअखेरीला वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये ते बनायला लागलं तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. पण औषधानं एकट्यानं भागत नाही, सडलेलं हाड काढावंच लागतं, आणि ते काढणारे हात आमचे. सकाळी सुरू झालेलं थिएटर मध्यरात्रीपर्यंत चालायचं. एव्हाना लस घेऊन झाली होती, मास्क होते, तंबूची सवय झाली होती, म्हणजे कान करायची भीती उरली नव्हती. पण कानाला हात लावायला माणूसच शिल्लक नव्हता. रखडलेले कान असे दुसऱ्यांदा रखडले.

त्या काळात शिकणाऱ्यांचं नुकसान खरंच झालं. कानाचं हाड आधी शवाच्या हाडावर कोरून शिकतात आणि देहदानही तेव्हा जवळपास थांबलं होतं. पण हात नंतरही तयार होतो. टेम्पोरल बोन डिसेक्शनच्या, म्हणजे कानाचं हाड कोरून शिकण्याच्या, कार्यशाळा आता नियमित होतात, मुलानं त्या कराव्यात, आणि महिन्यातून एक दिवस एखाद्या ज्येष्ठ सर्जनबरोबर केसला उभं राहावं. तोवर अवघड कान नागपूरला पाठवतो, हे तो बरोबर करतो. ज्या मुलानं त्या काळात तेवढी म्युकरची ऑपरेशनं बघितली, त्यानं स्वतःला कमी लेखायचं काही कारण नाही, हे त्याला माझ्याकडून सांगा.

प्रश्न : मुलगी जन्मतः बहिरी. जानेवारी २०२० मध्ये, ती अडीच वर्षांची असताना नागपूरला कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालं. मशीन सुरू केली आणि लगेच एसटी बंद, थेरपी बंद. दीड वर्ष जाणं झालं नाही. आता बोलते, पण अस्पष्ट. उशीर झाला का? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : ताई, ऑपरेशन योग्य वयात झालं आहे. मेंदू आवाजाची भाषा पहिल्या काही वर्षांत सगळ्यात सहज शिकतो आणि तुमच्या मुलीच्या मेंदूला त्या वयात आवाज मिळाला. काही मुलांचं ऑपरेशनच लांबलं, त्यांचं नुकसान मोठं. मेनिंजायटिसनं, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गानं, बहिरेपण आलेल्या मुलांचा प्रश्न तर आणखी बिकट, कारण त्यांच्या आतल्या कानात हाड भरायला लागतं आणि मग इम्प्लांटची तार (इलेक्ट्रोड) आत जात नाही. अशी मुलं साथीतही थांबवायची नसतात.

तुमचा तुटला तो थेरपीचा धागा. मॅपिंग, म्हणजे मुलीला किती आवाज द्यायचा ते मशीनमध्ये बसवणं, तेव्हा फोनवरून होण्यासारखं नव्हतं. थेरपिस्ट व्हॉट्सॲपवर व्हिडिओ करून शिकवत, पण जिथे रेंज नाही तिथे त्याचा काय उपयोग? आता पहिलं काम नव्यानं मॅपिंग. ती वाढली आहे, जुनं मॅपिंग तिला पुरत नसेल. मग आठवड्यातून एकदा थेरपी, निम्मी फोनवर चालेल, पण रोजचा अर्धा तास घरात तुम्हीच. भाजी निवडताना, पाणी भरताना बोलत राहा, आणि तोंड न दाखवता बोला, म्हणजे ती ओठ न वाचता कानानं समजून घेईल. शाळेत पहिल्या बाकावर, फळ्याजवळ बसवायला सांगा. या वयातही उच्चार सुधारतात, मी अशी मुलं बघितली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७४, कानाला यंत्र आहे. कोविडमध्ये मास्क लावलेल्या माणसाचं काहीच कळायचं नाही. यंत्र बिघडलं होतं की माझे कान? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : सर, दोन्ही नाही. साधा सर्जिकल मास्क उंच पट्टीचा आवाज ३-४ डेसिबलनं कमी करतो आणि एन-९५ सुमारे १२ डेसिबलनं. स, श, फ, थ ही अक्षरं नेमकी त्याच पट्टीत येतात आणि वयानुसार तीच आधी ऐकू येईनाशी होतात. वर ओठ झाकलेले. दवाखान्यात समोरच्यानं मास्क लावलेला असेल तर त्याला बिनधास्त सांगा की लिहून दाखवा. मास्क काढताना दोरीबरोबर कानामागचं यंत्र निघून पडतं, तेवढं जपा.

प्रश्न : कोविडनंतर वडिलांना एका कानानं एकदम ऐकू येईनासं झालं होतं. तेव्हा बाहेर पडायची भीती, म्हणून महिनाभरानं दाखवलं. उपयोग झाला नाही. (वर्धा)

उत्तर : कोविडनंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत, पण एका रुग्णाच्या बाबतीत कारण तेच असं ठामपणे सांगता येत नाही. ऐकू एकाएकी गेलं तर ती खरोखर इमर्जन्सी. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू केलं तर जास्त. तेव्हा आणखी एक अडचण होती: ऑडिओमेट्रीची खोली आवाज येऊ नये म्हणून चारही बाजूंनी बंद, हवा खेळत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती कुलूपबंदच होती. वडील वेळेवर आले असते तरी तपासणी लगेच झाली असती असं नाही. आता चांगल्या कानाची दर वर्षी तपासणी करा.

प्रश्न : कान लहानपणापासून वाहतो, दुखत नाही. २०१९ मध्ये ऑपरेशन सांगितलं होतं, मग कोरोना आला आणि राहूनच गेलं. कान फुटला म्हणून काही कोणी मरत नाही असं घरचे म्हणतात. कापसाच्या कामातून आता वेळ नाही. (सावनेर)

उत्तर : घरच्यांना वर भंडाऱ्याचं पत्र वाचून दाखवा. तुमचा कान कोणत्या जातीचा हे पत्रावरून मला कळणार नाही, त्यासाठी एकदा मायक्रोस्कोपखाली बघावा लागेल. त्याला दहा मिनिटं लागतात, आणि सावनेरहून सकाळी निघालात तर दुपारी घरी. साधं छिद्र निघालं तर ऑपरेशन वेचणी आटोपल्यावर करू. नंतर तीन-चार आठवडे जड उचलायचं नाही आणि कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, त्यामुळे हंगामाच्या मध्ये करून उपयोगही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कानाच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. २०१९ ची फाइल आणि जुनी ऑडिओमेट्री असेल तर सोबत आणा, ऐकणं किती घटलं ते त्यावरून कळेल. तोवर लसणाचं तेल, गोमूत्र, काही टाकू नका. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानात ठेवा. आणि घाण वास, चक्कर, कानामागे सूज किंवा तोंड वाकडं, यातलं एकही दिसलं तर वेचणी सोडून त्याच दिवशी निघा.